पीव्हीपी म्हणजे नुसतं वेष्टण?

"पॉलिमर फक्त कण वेगळे ठेवतो सर, खरं काम धातूच करतो." नॅनो-उत्प्रेरकांवरचा सेमिनार असो की एमएस्सीची तोंडी परीक्षा, हे वाक्य आल्याशिवाय राहत नाही. स्लाइडवर दोन रंगांचा गोळा, त्याभोवती चार नागमोडी रेघा आणि खाली लिहिलेलं 'स्टॅबिलायझर'. त्या रेघांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते इनर्ट असतं." हे कोणी सांगितलं, ते मात्र कोणालाच आठवत नाही.

आधी यातलं खरं तेवढं मान्य करू. पॅलॅडियम क्लोराइड आणि क्लोरोप्लॅटिनिक आम्ल पाणी-अल्कोहोलाच्या मिश्रणात घेऊन नुसतंच उकळलं, तर धातू सुटा होतो आणि काळा गाळ होऊन तळाशी बसतो. त्यातच पीव्हीपी (पॉलिव्हिनिलपायरोलिडोन) हा पॉलिमर घातला की कोऱ्या चहासारखा गडद, पण पारदर्शक द्राव मिळतो आणि तो टिकतो. पीव्हीपी ही काही दुर्मीळ चीज नाही. जखमेवर लावायच्या पोव्हिडोन-आयोडीनमधला 'पोव्हिडोन' तोच.

आता पुढचा प्रश्न, जो कोणी विचारत नाही. कण वेगळे ठेवायचे तर पॉलिमरला कणाला चिकटून राहायला हवं. तो चिकटतो कशाने? मुख्यतः आपल्या कार्बोनिल गटातल्या ऑक्सिजनने, तेही पृष्ठभागावरच्या अणूंना. हे कण हायड्रोजनेशनसाठी वापरायचे, तर हायड्रोजन आणि ज्याला तो जोडायचा तो रेणू हे दोघेही त्याच पृष्ठभागावर येऊन बसणार असतात. जो गट जागा अडवतो आणि वर इलेक्ट्रॉनही देतो, त्याला निष्क्रिय म्हणायचं कसं?

शंका असेल तर जपानच्या त्सुकुदा यांच्या गटाचं 2009 चं काम पाहा. पीव्हीपीत धरलेल्या सोन्याच्या अगदी लहान कणांवर त्यांनी कार्बन मोनॉक्साइड बसवला आणि इन्फ्रारेड वर्णपट घेतला. कार्बन मोनॉक्साइडची कंपनं कमी वारंवारतेकडे सरकलेली दिसली, म्हणजे सोन्यावर ऋण भार होता. पीव्हीपीने दिलेल्या या इलेक्ट्रॉनांचा संबंध त्यांनी कणांच्या ऑक्सिडेशनच्या क्षमतेशी जोडला. अभिक्रिया ऑक्सिडेशनची होती, हायड्रोजनेशनची नव्हे, हे खरं. पण 'इनर्ट' हा शब्द तिथेच निकालात निघाला.

एवढं सांगितलं की लगेच दुसरं टोक: "मग पॉलिमर काढूनच टाकू!" त्यासाठी हवेत तापवलं तर कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ शकतात, वर जळक्या कार्बनचा थर उरू शकतो. शिवाय कण दोन धातूंचा असेल तर त्याची आतली मांडणीच बदलू शकते. ताओ, सोमोर्जाय आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की ऱ्होडियम-पॅलॅडियमच्या कणात ऑक्सिडीकारक वायूत ऱ्होडियम पृष्ठभागाकडे येतो आणि वायू बदलला की परत आत जातो. म्हणजे साफसफाईनंतर जो कण हाती उरतो तो मूळचा असेलच असं नाही. आणि पॉलिमरचं प्रमाण वेगवेगळं ठेवून दोन उत्प्रेरकांची तुलना करायची, मग सगळा फरक धातूच्या खात्यावर जमा करायचा, हा प्रकार तर थांबायलाच हवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

दोन धातू मिसळले की गुणांची सरासरी मिळते? नाही. तोशिमा आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये पीव्हीपीतल्या पॅलॅडियम-प्लॅटिनम कणांची रचना क्ष-किरणांनी तपासली. चारास एक या प्रमाणातल्या कणासाठी त्यांनी मांडलेलं प्रारूप 55 अणूंचं: आत प्लॅटिनमचे 13, बाहेर पॅलॅडियमचे 42. सायक्लोऑक्टाडाइनमधला एकच दुहेरी बंध संपृक्त करण्यात हा कण शुद्ध पॅलॅडियमच्याही पुढे गेला. या प्रारूपात प्लॅटिनम पृष्ठभागावर नाहीच. आत बसून तो बाहेरच्या अणूंचं वागणं बदलतो.

जास्त सक्रिय तोच चांगला? इथिलीनच्या कारखान्यात विचारा. तिथे इथिलीनमध्ये किंचित असलेलं अॅसिटिलीन घालवायचं असतं. उत्प्रेरक फार उत्साही निघाला तर इथिलीनचंच इथेन करून ठेवतो. म्हणून पॅलॅडियमला चांदीची जोड देतात. लिंडलार यांनी 1952 मध्ये पॅलॅडियमवर शिसं घातलं तेही मुद्दाम, अभिक्रिया मध्येच थांबावी म्हणून.

दालचिनीच्या तेलातल्या सिनॅमाल्डिहाइडमध्ये हायड्रोजन 'आपोआप' हव्या त्या बंधावर जातो? उलट आहे. अल्कोहोल हवं असतं, पण कार्बन-कार्बन दुहेरी बंध आधी संपृक्त होऊ पाहतो. प्लॅटिनमशेजारी लोह किंवा कोबाल्ट असेल तर तो ऑक्सिजनचं टोक धरतो, आणि मग गणित फिरतं.

आणि 'हे सगळं नॅनोयुगातलं'? रॅम्पिनो आणि नॉर्ड यांनी पॉलिव्हिनिल अल्कोहोलमध्ये धरलेलं पॅलॅडियम आणि प्लॅटिनम वापरून हायड्रोजनेशन केलं ते 1941 मध्ये, आणि कणांचा आकार व अभिक्रियेचा वेग यांचा संबंधही त्याच निबंधात तपासला.