पर्णरंध्रे आणि प्राचीन हवा

वनस्पतींच्या पानांवर, बहुधा खालच्या बाजूस, असणाऱ्या सूक्ष्म छिद्रांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत घेतला जातो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ निसटते, त्यामुळे हवेत हा वायू मुबलक असल्यास थोड्या रंध्रांवर भागवून पाणी वाचवणे अनेक वनस्पतींना परवडते. १९८७ साली इयान वुडवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वनस्पतिसंग्रहात वाळवून जपलेली पाने तपासली, तेव्हा दोनशे वर्षांत रंध्रांची घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. ती पाने जमवली गेली होती वर्गीकरणासाठी. त्यांतून हवेचा हिशेबही राखला जात आहे, हे संग्राहकांच्या ध्यानीमनीही नसावे.

या वायूचे सलग, अचूक मोजमाप हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केले; त्या वेळी हवेच्या दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे ३१५ रेणू होते, आता ते ४२० हून अधिक आहेत. ध्रुवीय बर्फात अडकलेले बुडबुडे काही लक्ष वर्षे मागे नेतात, मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हवेसाठी गिंकोसारख्या, फारशा न बदललेल्या वृक्षांच्या जीवाश्म पानांकडे वळावे लागते. पान किती पसरले यावर घनता बदलत असल्याने अभ्यासक ‘रंध्र-निर्देशांक’, म्हणजे पानाच्या बाह्यत्वचेतील एकूण पेशींच्या तुलनेत रंध्रांचे प्रमाण, अधिक विश्वसनीय मानतात; तथापि वायूचे प्रमाण फार वाढल्यावर अनेक जातींचा हा प्रतिसाद मंदावतो, आणि अतिउष्ण युगांचे आकडे त्यामुळे सावधपणेच वाचावे लागतात.