इंजिनिअरने न पाहिलेल्या घरांचा इंजिनिअर

आपल्या देशातली बहुतेक घरं कुठल्याच इंजिनिअरने पाहिलेली नसतात. खेड्यात घर बांधायचं म्हणजे एक मालक असतो, एक गवंडी असतो आणि ‘वाडवडील बांधायचे तसं बांध’ हाच नकाशा असतो. अशा घरांसाठी आपली विद्या खर्ची घालणाऱ्या एका इंजिनिअरबद्दल आज बोलायचं आहे. त्यांचं नाव आनंद स्वरूप आर्य. मी कवितेतला माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. बांधकामातलं मला जे थोडंफार कळतं ते माझ्या मामूंमुळे. ते गवंडी होते. तरीही आर्यांचं काम मला समजलं, कारण मामूंसारख्यांच्या हाताला झेपेल अशा बेतानेच ते केलेलं आहे.

आर्यांचा जन्म 1931 चा, उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातला. रुरकीला शिकले, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी. केली आणि परत रुरकीलाच आले. तिथे जय कृष्ण यांच्या पुढाकाराने 1960 मध्ये भूकंप अभियांत्रिकीचं स्वतंत्र केंद्र सुरू झालं होतं. धरणं, पूल, उंच इमारती हे तिथले मानाचे विषय. आर्यांनी तेही केले. पण दगड, वीट, माती आणि लाकूड यांच्याकडे त्यांचं लक्ष अधिक वेधलं गेलं. सगळीकडे काँक्रीटचा बोलबाला असताना त्यांनी दगड-विटांच्या आणि लाकडी बांधकामावर पाठ्यपुस्तक लिहिलं.

रुरकीचा एक प्रयोग मला फार आवडतो. तिथे रेल्वेचे रूळ टाकले होते. त्यावरच्या एका वाघिणीत विटांची लहान खोली बांधायची आणि दुसऱ्या वजनदार वाघिणीने तिला धडक द्यायची. हाच त्यांचा भूकंप. साधी खोली आणि पट्टा घातलेली खोली, दोन्हींना तसाच धक्का देऊन काय होतं ते पाहायचं. साधी खोली कोपऱ्यातून उकलायची. पट्ट्याची खोली तडे जाऊनही उभी राहायची.

हा पट्टा म्हणजे काय? बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती चाकाचे सगळे तुकडे आवळून धरते. ती निघाली की चाक खिळखिळं होतं. घराचंही तसंच आहे. चार भिंती नुसत्या शेजारी-शेजारी उभ्या असल्या, तर धरणी हलल्यावर प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने झुकते आणि कोपरा फाटतो. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग फिरणारा, कोपऱ्यात न तुटणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा घातला की चार भिंतींची एक पेटी होते.

आता आपल्याकडे येऊ. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास 8 हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. भूकंपांच्या हिशेबात ती काही प्रचंड नव्हे. मग इतकी माणसं का गेली? उत्तर घरांत होतं. चिखलात रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आपल्याला वाटायचं, जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे दगडगोट्यांची भर. हादरा बसला, भर खाली बसली, दोन्ही थर एकमेकांपासून सुटून पोट फुगल्यासारखे फुटले. वजन जितकं जास्त तितका भूकंपाचा हिसकाही मोठा. त्यामुळे उन्हाळ्यात गारवा देणारं माळवदच माणसांवर आलं. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट होता. तिथे भिंती ढासळल्या, पण छत खांबांवर तरलं.

यावरचा इलाज आर्यांना आधीच ठाऊक होता. भारतीय मानक ब्युरोच्या भूकंप अभियांत्रिकी समितीचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेने अशा घरांसाठी मार्गदर्शिका काढली होती. किल्लारी झाली त्याच 1993 साली मातीच्या घरांसाठी 13827 आणि कच्च्या दगड-विटांच्या घरांसाठी 13828 क्रमांकाची भारतीय मानकं निघाली. त्यांतले नियम ऐका. दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत फार तर चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवावा. तसा दगड नसेल तर काँक्रीटचा तुकडा किंवा लाकूड चालेल. दारं-खिडक्या लहान आणि कोपऱ्यापासून दूर असाव्यात. आणि वरून पट्टा. यातलं काय मामूंना जमलं नसतं? खर्चही घराच्या मानाने किरकोळ. अडचण एवढीच की कागदावरचा नियम गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत पोचायला फार उशीर लागतो.

किल्लारीनंतर सरकारने गवंड्यांना प्रशिक्षण दिलं, जुनी घरं बळकट करायला मदतही दिली. पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. बहुतेकांनी त्या पैशात जुनी भिंत सुधारण्याऐवजी नवी सिमेंटची खोली उठवली. त्यांना दोष कोण देणार? ज्यांनी त्या ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, त्यांना दगडाचे गुण कसे सांगायचे? तरीही सांगायला हवं, कारण सिमेंट म्हणजे काही ताईत नव्हे. 26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपात दूरच्या अहमदाबादेतही काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर होता.

आज ‘पर्यावरणपूरक बांधकाम’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. सिमेंट भाजायला इंधन जळतं, विटांना भट्टी लागते. गावचा दगड आणि गावची माती यांना हे काही लागत नाही. पडलेल्या भिंतीचा दगड नव्या भिंतीत पुन्हा बसतो. आर्यांच्या संशोधनाचं मोल मला इथे वाटतं. गरिबाचं घर पाडून दुसरं आणा, असं त्यांनी म्हटलं नाही. आहे तेच साहित्य कसं बांधून घ्यायचं ते दाखवलं. 2002 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंडोनेशिया आणि जपानच्या सहलेखकांबरोबर सुधारलेली त्यांची मार्गदर्शिका 2014 मध्ये युनेस्कोने प्रकाशित केली. 2019 मध्ये ते गेले.

तुमच्या गावात घराचं काम निघालं तर गवंड्याला तीनच गोष्टी विचारा. भिंतीच्या आरपार दगड घातलेत का? पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरलाय का, आणि कोपऱ्यात त्याच्या सळ्या वळवून नीट बांधल्यात का? जुन्या भिंतींवर नवा मजला चढवताना त्या भिंती कुणा जाणकाराला दाखवल्यात का? गवंडी हसला तरी चालेल. चहा पाजा आणि पुन्हा विचारा.