वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया, भूक आणि आहार दोन्ही घटवते. मात्र वेगाने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि नियमित व्यायामाची खरी निकड येथेच निर्माण होते.

भाजप नेते नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्यानंतर महाराष्ट्रात या विषयाची उघड चर्चा झाली, ही स्वागतार्हच गोष्ट होय.

चालणे रुग्णालयातच सुरू होते, कारण त्यामुळे पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पुढे कोल्हापूरकरांना रंकाळा तलावाकाठची सपाट वाट सोयीची ठरते. आठवड्याला किमान 150 मिनिटे हे उद्दिष्ट हळूहळू गाठावे.

तालमींच्या कोल्हापुरात जोर-बैठकांची ओढ स्वाभाविक आहे आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम अत्यावश्यकही आहे. तथापि पोटाच्या जखमा पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, जोर मारणे व जड वजन उचलणे टाळावे आणि शल्यविशारदांच्या अनुमतीनेच आरंभ करावा.

स्नायू टिकण्यासाठी दररोज साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. तांबड्या रश्श्याच्या तर्रीपेक्षा मऊ शिजलेले, बारीक चावलेले मटण किंवा अंडे आधी खावे, तर पाणी जेवणासोबत न घेता दिवसभर घोटाघोटाने प्यावे. ब-12, लोह आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.