दोन आठवड्यांचा खोकला अंगावर काढू नका

पावसाळ्यात ताप-खोकला घरोघरी असतो. बहुतेकदा तो साध्या विषाणूचा. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला थोडा रेंगाळतो. त्यावर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, कृपया घेऊ नका.

पण खोकला दोन आठवडे हटत नसेल, संध्याकाळी कणकण येत असेल, रात्री घाम फुटत असेल, वजन उतरत असेल, तर क्षयाची तपासणी कराच. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात. हे अजून कितीतरी घरांना माहीतच नाही!

धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, निळसर ओठ, गुंगी, किंवा श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा.