पाण्याच्या गाठीखालचा उजेड

छातीत गाठ हाताला लागली की पहिला शब्द मनात येतो तो कॅन्सर. खरं तर अशा बहुतेक गाठी साध्या निघतात. पण नुसतं चाचपून तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. पाण्याने तट्ट फुगलेली सिस्टसुद्धा बोटाला चांगली टणक लागते. पस्तिशी-चाळिशीनंतर अशा सिस्ट पुष्कळ बायकांना होतात आणि तिथे बोट हमखास फसतं.

ध्वनी सहसा फसत नाही. सोनोग्राफीत त्वचेवर आधी गार जेल फासतात, कारण मध्ये हवेची फट राहिली तर ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. मग सेकंदाला १ कोटीच्या घरात कंपनं असलेला, कुणाच्याच कानाला न कळणारा ध्वनी आत जातो. ऊतींची जडणघडण बदलते तिथून तो उलटतो आणि पडद्यावर उजळ ठिपके उमटतात. सिस्टमधल्या स्वच्छ पाण्यातून काहीच उलटत नाही, म्हणून ती काळीभोर दिसते.

खरी गंमत तिच्या खाली असते. खोल जाताना ध्वनी क्षीण होतो, हे मशीनला शिकवलेलं असतं. म्हणून खोलवरून आलेले प्रतिध्वनी ते वाढवून दाखवतं. पाण्यातून गेलेला ध्वनी मात्र फारसा खर्चच झालेला नसतो. मशीन त्यालाही नेमाने वाढवतं आणि काळ्या गोलाखाली पांढरा पट्टा उजळतो. मशीनचा हिशेब चुकतो आणि त्याच चुकीवरून डॉक्टर ओळखतात, आत पाणी आहे!

स्तनातल्या गाठी ध्वनीने पारखायचा खटाटोप १९५०च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटात सर्जन जॉन वाइल्ड यांनी केला. त्यांनी सुरुवातीला हाताशी धरलं ते यंत्र नौदलाचं होतं, वैमानिकांना रडार शिकवण्यासाठी बनवलेलं.

सगळ्याच साध्या गाठी पाण्याच्या नसतात. साधारण १५ ते ३५ वयात आढळणारा फायब्रोअडेनोमा भरीव, रबरी आणि बोटाखालून उंदरासारखा निसटणारा. तो शेजारच्या ऊतींत घुसत नाही, त्यांना बाजूला सारत थरांच्या कलाने आडवा पसरतो. कॅन्सर थर तोडत उभा वाढू शकतो. त्यामुळे रुंदीपेक्षा उंची जास्त दिसली की रेडिओलॉजिस्टच्या कपाळावर आठी पडते. नुसत्या आकारावरून इतकं कळावं, याचं मला फार नवल वाटतं.

तरीही एकट्या चित्रावर निकाल देत नाहीत. हाताची तपासणी, चित्र आणि गरज पडल्यास सुईची बायोप्सी, यांचं एकमेकांशी जुळावं लागतं. तिशीच्या आत बहुधा सोनोग्राफी आधी करतात. कारण त्या वयातला दाट स्तन मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच.

सिस्ट दुखत असेल तर सुईने पाणी ओढून घेतात आणि ती पडद्यावर बघता बघता चपटी होते. निघालेलं पाणी पिवळसर किंवा हिरवट असेल तर पुष्कळदा तपासायलाही पाठवत नाहीत. ते रक्ताळलेलं निघालं, किंवा गाठ पुरती बसली नाही, तर मात्र तपास पुढे चालू राहतो.