संगणकाच्या पोटी संगणक

मोडी दफ्तराचा रुमाल सोडावा, आतला कागद शाबूत निघावा, शाईही काळीभोर असावी. परंतु मोडी वाचणारा मिळू नये, म्हणजे तो कागद मुकाच राहतो. विद्यार्थी मित्रहो, अशीच अवस्था आज पंचवीस-तीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळविलेल्या मराठी मजकुराची झाली आहे. शाळांची वार्षिके, मंडळांच्या स्मरणिका, कोणाच्या आजोबांच्या आठवणी फ्लॉपी व सीडी यांवर कपाटात पडून आहेत. त्या उघडाव्यात तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो.

याचे कारण असे. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. हा संकेत १९९१ साली प्रसिद्ध झाला, तरी विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. तत्पूर्वी फाँट तयार करणारे रोमन अक्षरांच्याच जागी मराठी वळणे बसवीत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. तो विशिष्ट फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. पुष्कळ पाने पेजमेकर या प्रोग्राममध्ये जुळविली जात. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली निघाली. शिवाय त्या काळचे सोळा बिटांचे प्रोग्राम आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मुळीच चालत नाहीत. म्हणजे मजकुराला फाँट हवा, फाँटाला प्रोग्राम हवा, प्रोग्रामला जुनी कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम हवी. आणि ती ज्यावर चालावी तो संगणक तर केव्हाच भंगारात गेला!

या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे आभासी संगणक, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हा एक प्रोग्रामच असतो. परंतु तो जुन्या कार्यप्रणालीपुढे प्रोसेसर, स्मृती, हार्ड डिस्क, सीडीची खोबण असा सारा संसार मांडतो. आपण खऱ्याखुऱ्या संगणकावर आहोत, असेच तिला वाटते. बाहेरच्या संगणकाला यजमान व आतल्याला पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. घरगुती संगणकावर हेच काम करणारा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम २००७ पासून विनामूल्य मिळतो.

आता विंडोज ९८ हे उदाहरण घेऊन कृती पाहू. प्रथम त्या प्रणालीची मूळ सीडी व तिच्यासोबतची पंचवीस अक्षरांची कळ हाताशी हवी. प्रणाली जुनी झाली म्हणून तिचा मालकी हक्क संपत नाही. आजच्या लॅपटॉपला सीडीची खोबण नसते, म्हणून जेथे ती आहे अशा संगणकावर सीडीची जशीच्या तशी प्रत, म्हणजे आयएसओ फाईल करून घ्यावी.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवा संगणक निर्माण करताना विंडोज ९८ हा प्रकार निवडावा. येथे उदारपणा बाधतो. या प्रणालीची किमान मागणी १६ मेगाबाइट स्मृतीची होती. २५६ दिल्यास ती सुखाने नांदते, परंतु ५१२ च्या पुढे गेल्यास अडखळू लागते. डिस्क चार गिगाबाइटची पुरे. अगदी नव्या प्रोसेसरवर ही प्रणाली मध्येच कोलमडण्याचा संभव असतो. म्हणून यजमान संगणक थोडा जुना असल्यास बरे.

मग आयएसओ फाईल आभासी खोबणीत बसवून पाहुणा सुरू करावा. काही सीड्या स्वतःहून सुरू होत नाहीत. त्यांना आरंभाच्या फ्लॉपीची प्रत जोडावी लागते. काळ्या पडद्यावर एफडिस्क या आज्ञेने डिस्कवर विभाग पाडावा, पाहुणा पुन्हा सुरू करावा, फॉरमॅटच्या आज्ञेने डिस्क तयार करावी व नंतर सेटअप चालवावे. ही आखणी आभासी डिस्कवरच होते. यजमानाच्या फायलींना धक्का लागत नाही. मध्यंतरी पाहुणा अनेकदा बंद होऊन सुरू होतो. त्याने गोंधळून जाऊ नये. शेवटी पडदा केवळ सोळा रंगांत दिसेल. अधिक रंगांसाठी निराळा ड्रायव्हर लागतो, परंतु मजकूर वाचण्यास एवढे चालते.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. विंडोज ९८ ची सुरक्षेची डागडुजी जुलै २००६ मध्ये थांबली. म्हणून पाहुण्याची इंटरनेटची जोडणी बंदच ठेवावी. दुसरे, प्रणाली नीट बसताच स्नॅपशॉट घेऊन ठेवावा. पुढे काही बिघडले तर त्याच क्षणी परत जाता येते. ही सोय खऱ्या जुन्या संगणकाला कधीच नव्हती.

यानंतर फाँट, प्रोग्राम व जुन्या फायली यांची आणखी एक आयएसओ फाईल करून ती आभासी खोबणीतून आत न्यावी. पाने उघडली की ती युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत व एक छापील प्रतही काढावी. काही मराठी सॉफ्टवेअरला संगणकामागे लावण्याचे डोंगल लागे. ते हरवले असेल, तर मात्र ही युक्तीही लंगडी पडते.

आणि आणखी एक गोष्ट ही युक्ती करू शकत नाही: बुरशी चढलेली फ्लॉपी ती वाचू शकत नाही. जुनी प्रणाली आज बसविता येते, तशी पाच वर्षांनीही बसविता येईल. परंतु कपाटातील चुंबकीय तबकडी तोवर आपली वाट पाहील, असे नाही. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, सुट्टीत घरचे कपाट उघडा, फ्लॉपी व सीड्या शोधा आणि प्रथम त्यांच्या प्रती करून ठेवा. वाचणारे यंत्र आपण पुन्हा उभे करू. हरवलेला मजकूर मात्र कोणालाही उभा करता येणार नाही.