हमी सरकारची, कर्ज आपले

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हिंगणघाटच्या कापूस बाजारापासून वर्ध्याच्या कापड दुकानांपर्यंत व्यवहार थंडावले. लग्नसराई आणि २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया बंद दारांआड गेली. माल गोदामात व उधारी गावोगावी अडकली; भाडे, पगार आणि व्याज मात्र थांबले नाही. त्या काळात शासनाने व्यापाऱ्याला नेमके काय दिले, याचा हिशेब आता शांतपणे मांडता येतो.

श्रीमंत देशांनी उद्योग-व्यवसायांना थेट रोख मदत केली. आपल्या तिजोरीची ऐपत तेवढी नव्हती. म्हणून गरिबांसाठी मोफत धान्य व महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने ५०० रुपये, तर व्यापार-उद्योगासाठी प्रामुख्याने कर्ज, असा मार्ग निवडला गेला.

पहिली सवलत हप्त्यांची. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च रोजी रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला व हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पुष्कळांनी तिला माफी मानले, पण ती केवळ मुदतवाढ होती. दहा लाखांच्या कर्जावर १० टक्के दराने सहा महिन्यांचे ५०,००० रुपये व्याज चढतच होते. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरील व्याजाचा भार केंद्राने उचलला. मूळ व्याज ऋणकोकडेच राहिले.

दुसरी, मे २०२० मधील तीन लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जितके कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के नवे कर्ज, तेही अतिरिक्त तारणाविना. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के, मुदत चार वर्षे, पहिले वर्ष मुद्दलाला सवलत. आठ लाख बाकी असणाऱ्यास १,६०,००० रुपये मिळत. वर्षाचे व्याज सुमारे १४,८००. हमी शंभर टक्के होती, पण ती बँकेला. परतफेड व्यापाऱ्यालाच करायची होती. तरीही अनेक दुकाने या पैशाने तगली, हे मान्य केलेच पाहिजे.

येथेच एक विसंगती दिसते. ज्याने आयुष्यभर बँकेचे कर्ज टाळले, त्याची बाकी शून्य; शून्याचे २० टक्केही शून्यच. ज्याची उलाढाल कच्च्या वहीत, त्याच्याकडे बँकेला दाखवण्यासारखे काहीच नव्हते. काटकसरीने धंदा करणारा माणूस योजनेच्या उंबरठ्याबाहेर राहिला.

कर्ज टाळणे हा आपल्या घराण्यांचा जुना संस्कार आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. परंतु कर्ज नसणे आणि पत नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही अग्रक्रम क्षेत्रातील कर्जासाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत स्थान मिळाले आहे. उद्यम नोंदणी निःशुल्क आहे, ती करावी. विवरणपत्रे वेळेवर भरावीत, विक्री खात्यातून फिरवावी आणि गरजेपुरती रोख-पत मर्यादा मंजूर करून ठेवावी. ती वापरलीच पाहिजे असे नाही. पण पुढचे संकट आले, तर मदतीचा निकष पुन्हा बँकेतील नोंदीच असण्याचा संभव अधिक. आणि त्या नोंदी आदल्या रात्री तयार होत नाहीत.